शेवटच्या माणसामागची गाडी

काका, शर्यत झाली.

तुम्ही जाऊन महिनासुद्धा उलटला नव्हता. सुरुवातीची रेघ तुम्ही आखायचात तशीच मिठानं आखली, पण वारा असा सुटला होता की पळणारे जागेवर यायच्या आधीच अर्धी रेघ उडून गेली. डायनरवाली लिंडा तुमचं तिकडचं नाव घेऊन म्हणाली, "जॅगनं पुन्हा आखली असती." म्हणून मी पुन्हा आखली. तुमची टोपी लिंडानं आणून टेबलावर ठेवली होती, कुणाला तरी घालावीशी वाटेल म्हणून. कुणी घातली नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून मी तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली, तेवढंच.

तुम्हाला हे आवडलं असतं की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या फोनवर आपलं याच्यावरूनच वाजलं होतं.

आणि तुम्ही माझे कोण, हे इकडं कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये कुणाला सांगता येत नाही. ऑफिसात मॅनेजरनं विचारलं, फॅमिली होते का? महाराष्ट्र मंडळातल्या एका ओळखीच्या काकूंनी विचारलं, "सख्खे काका का गं?" दोघांनाही मी नाही म्हटलं आणि दोघांच्याही चेहऱ्यावर जरा सुटका झाल्यासारखं दिसलं. त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही. म्हटलं, तुमच्याशीच बोलावं.

पहिल्या वर्षी मी तुमच्या शर्यतीला का आले, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. समीर आणि मी वेगळं व्हायचं ठरवलं त्याला तेव्हा काही महिने झाले होते. टाउनहाउसमध्ये मी एकटी. मंडळाच्या कार्यक्रमाला जावं तर "समीर नाही आला?" आणि न जावं तर "दिसत नाहीस हल्ली." मी पळायला लागले ते एवढ्यासाठीच, की पळणाऱ्या माणसाला कुणी थांबवून काही विचारत नाही. अशात इंटरनेटवर तुमची शर्यत सापडली. नेवाडातलं नाव न ऐकलेलं गाव, कोरड्या तळ्याच्या कडेचा कच्चा रस्ता, पळणारे तीसेक. माहितीत एक ओळ होती: रस्त्यावर प्रेक्षक नसतात. त्या एका ओळीसाठी मी रजिस्टर केलं.

सिएराचे डोंगर ओलांडून दिवसभर गाडी चालवत आले. गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, लिंडाचं डायनर, एक हॉल आणि बंद पडत चाललेला मिठाचा कारखाना, जिथं तुम्ही केमिस्ट म्हणून जन्म काढलात. त्यापुढं सगळी पांढरी जमीन. मला फार बरं वाटलं होतं ते बघून. इथं मला ओळखणारं कुणीही असणं शक्य नव्हतं.

हॉलमध्ये नंबर घ्यायला गेले. टेबलामागं उन्हानं रापलेला, काऊबॉय टोपीतला म्हातारा बसला होता. तुम्ही समोरच्या कागदावरचं नाव वाचलंत, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंत आणि स्वच्छ मराठीत म्हणालात, "वर्षा देशमुख. कुठल्या गं देशमुखांची?"

मला रडू यायचंच बाकी होतं.

"अमरावतीच्या," मी म्हटलं.

"मी जगताप. दहिवडीचा. माण तालुका." टोपी काढून हसलात. "वाळवंटात वर्षा आली म्हणजे बातमीच झाली की!"

खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता. वाटलं, आता हे कुठल्या तरी मामेभावाच्या साडूमार्फत समीरपर्यंत पोचतील.

शर्यत सुरू झाली आणि थोड्याच वेळात सगळे पुढं निघून गेले. तिथलं पळणं कसं असतं, ते फ्रीमाँटमध्ये सांगून कळत नाही. समोरचा डोंगर हलतच नाही. तासभर पळलं तरी तो तेवढाच लांब. झाड नाही, की ते मागं पडलं म्हणावं. आपण पळतोय याला पुरावा म्हणून फक्त आपल्याच बुटांचा आवाज. ऊन चढलं तशी मी चालायला लागले. तेव्हा मागून गाडीचा आवाज आला. तुमचा तो पांढरा पिकअप. सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागून तुम्ही स्वतः गाडी घेऊन यायचात, कुणी वाटेत राहू नये म्हणून. तुम्ही काच खाली केलीत.

"पाणी पाहिजे?"

"नको."

"सोबत कुणी नाही आलं?"

"नाही."

"घरी कोण असतं?"

मी थांबले. "काका, प्लीज. मला बोलायचं नाहीये."

मला वाटलं, तुम्ही म्हणाल, अगं मी आपलं सहज विचारलं. तुम्ही म्हणालात, "बरं." काच वर केलीत आणि गाडी जागेवर उभी केलीत. मी पुढं निघाले. पुष्कळ पुढं आल्यावर वळून बघितलं, तर गाडी येत होती, पण इतकी मागून की तिचा आवाज ऐकू येत नव्हता, नुसता धुरळा दिसत होता. मी चालले की धुरळा खाली बसायचा, पळायला लागले की पुन्हा उठायचा. शेवटपर्यंत तो जवळही आला नाही आणि दिसेनासाही झाला नाही.

त्या रस्त्यावर मी मोठ्यांदा रडले, काका. समीरच्या नावानं ओरडले. घरात भिंतीला भिंत लागून शेजारी राहतात, तिथं ओरडता येत नाही. इतके महिने कुणी मला एकटीला असं सोडलं नव्हतं आणि असं सांभाळलंही नव्हतं.

पोचले तेव्हा हॉल रिकामा होत आला होता. तुम्ही मला स्टीलच्या पेल्यात जिरं-मीठ घातलेलं गार ताक दिलंत. बाकीचे पळणारे त्याला "जॅगचं पांढरं औषध" म्हणायचे आणि दुसरा पेला मागायचे. मी पायरीवर बसून ताक प्याले आणि न विचारता तुम्हाला सगळं सांगून टाकलं. समीर, घर, आईला अजून सांगितलं नाही ते. तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. माझं संपल्यावर म्हणालात, "पुढच्या वर्षी एक दिवस आधी ये. झेंडे लावायला माणूस लागतं."

मग मी दर वर्षी एक दिवस आधी येत गेले. तुम्ही गाडी चालवायचात, मी मागं उभी राहून वळणावळणाला लाल झेंडे टाकायचे आणि पाण्याचे कॅन उतरवायचे. तुमच्या गावाकडं टँकरची वाट बघत लोक घागरी मांडून बसायचे, ते तुम्ही सांगायचात. "इथं मी लोकांना पाणी वाटतो," म्हणायचात, आणि ते म्हणताना तुमचा चेहरा असा व्हायचा की तुम्हाला त्या जागेवरून उचलून दुसरीकडं कुठं ठेवायची कल्पनाच करता यायची नाही. फ्रीमाँटहून मी ज्वारीचं पीठ आणायचे. तुमच्या भाकरी जाड व्हायच्या, आणि पीठ जुनं आहे असा आरोप तुम्ही दर वेळी माझ्यावर करायचात.

रविवारी सकाळी फोन. तुमचे गुडघे, माझं ऑफिस, इकडचं राजकारण, तिकडचं राजकारण. कधी कधी दोघांकडंही बोलायला काही नसायचं, तरी फोन चालू राहायचा. तुमच्याकडचा वारा ऐकू यायचा. समीरनं दुसरं लग्न केल्याचं कळलं, त्या रविवारी आपण असेच बसलो होतो, आठवतं? तुम्ही तिकडं काहीतरी चिरत होतात, सुरीचा आवाज येत होता. मला त्या आवाजानं जेवढं बरं वाटलं, तेवढं नंतर भेटायला आलेल्या कुणाच्या बोलण्यानं वाटलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

शैलाकाकूंबद्दल तुम्ही फार थोडं बोलायचात. तुमच्या गौरीला मुलगी झाली तेव्हा काकू लेकीकडं, न्यू जर्सीत पार्सिपनीला गेल्या आणि तिकडंच राहिल्या. भांडण नव्हतं. वर्षातून एकदा तुम्ही जायचात, आठवडाभर राहून परत यायचात.

"तिला माणसं लागतात," तुम्ही म्हणायचात. "तिथं देऊळ आहे, मैत्रिणी आहेत, नात आहे. मला नाही लागत."

"सगळ्यांना लागतात, काका."

"मग तू कशाला येतेस इथं?"

आपलं भांडण दर वेळी इथं येऊन थांबायचं.

तुमच्या हृदयात स्टेंट बसवला त्यानंतर मी जास्तच मागं लागले. जवळचं हॉस्पिटल गाडीनं काही तासांवर, शेजारी हाकेच्या अंतरावर कुणी नाही. शेवटच्या फोनवर म्हटलं, यंदाची शर्यत झाली की तुम्ही पार्सिपनीला जा, पुढच्या वर्षीपासून मी आणि लिंडा बघतो.

"काही गरज नाही," तुम्ही म्हणालात. "मी थांबलो की शर्यतही थांबेल. कुणी मागं चालवावी असं काही नाही त्यात."

"असं कसं?"

"असंच."

"मग आम्ही कुठं जायचं?"

तुम्ही म्हणालात, "गॅसवर दूध आहे गं. ठेवतो."

आपलं शेवटचं बोलणं ते. दूध खरंच होतं का, हा विचार मी अजून करते.

त्या आठवड्यातच लिंडाचा फोन आला. सकाळी तुम्ही कॉफीला आला नाहीत म्हणून ती बघायला गेली. अंगणातल्या खुर्चीत होतात. पायात बूट होते. मी तशीच निघाले. काकू आणि गौरी विमानानं आल्या. रीनोला अंत्यविधी उरकून आम्ही तुमच्या घरी परत आलो, तुमच्या स्वयंपाकघरात बसलो, आणि लिंडानं विचारलं, शर्यतीचं काय करायचं?

"जस्ट कॅन्सल इट," गौरी म्हणाली. "ऑब्व्हियसली." बिचारी रडून रडून दमली होती, घर आवरून आईला घेऊन परत जायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मला त्या पहिल्यांदाच भेटत होत्या. "तू येतेस ना दर वर्षी? काय असतं त्यात?"

"लोक पळतात. मग ताक पितात."

"बस?"

"बस."

काकू म्हणाल्या, "होऊ दे. मी थांबते तोवर."

"मॉम, हिअर? अलोन?"

"तुझे बाबा नव्हते राहत?"

पुढचे शनिवार-रविवार मी फ्रीमाँटहून तुमच्या घरी गेले. काकूंनी घरातलं काही हलवलं नव्हतं. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या अजून त्यांनी जाताना लावलेल्या क्रमानंच आहेत, असं त्यांनी मला दाखवलं, तक्रार केल्यासारखं. आम्ही दोघी फार बोलत नव्हतो. झेंडे मोजायला, कॅन धुवायला त्या बसायच्या. एकदा कॅन धुता धुता म्हणाल्या, "रविवारी तुझ्याशी तासभर बोलायचे ना हे?"

"हो."

"काय बोलायचे एवढं?"

मी आठवायला लागले आणि मला एकही मोठी गोष्ट आठवेना. "काहीही, काकू. गुडघे, पीठ. कधी कधी नुसतंच बसायचो."

"नुसतंच," काकू म्हणाल्या, आणि पुढचा कॅन घेतला.

शर्यतीच्या दिवशी नेहमीच्यांपैकी बरेच आले. काहींना तुमची बातमी तिथं आल्यावर कळली. लिंडानं ताक केलं होतं. खारट झालं होतं. तरी सगळ्यांनी घेतलं. मी यंदा पळले नाही, तुमची गाडी मी घेतली. निघताना काकू दार उघडून शेजारी येऊन बसल्या. "एवढी वर्षं हे काय करायचे ते बघू दे तरी."

सगळ्यात शेवटी होता वॉल्टर नावाचा यूटाहून आलेला दांडगा माणूस, पहिल्यांदाच आलेला. एका गुडघ्याला पट्टा. अर्ध्या वाटेनंतर तो लंगडायला लागला आणि मग नुसता चालायला. आम्ही त्याच्या मागं तुमच्यासारख्याच, लांबून, गोगलगाईच्या वेगानं. वारा काचेवर मीठ मारत होता.

"विचार ना त्याला, बरं वाटतंय का," काकू म्हणाल्या.

"काका नाही विचारायचे. शेवटच्या माणसाला एकटं राहायचं असतं."

"असं तो म्हणाला तुला?"

"नाही."

"मग तुला काय माहीत?"

मी त्यांना माझी पहिली शर्यत सांगितली. तुमचं ते "बरं", तो मागचा धुरळा, सगळं. मला वाटलं, त्यांना ऐकून बरं वाटेल. मला तर तुमच्याबद्दल सांगण्यासारखी यापेक्षा मोठी गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"हे सगळ्यांना सांगत आले, शैलाला माणसं लागतात," त्या म्हणाल्या. "मला कुठली माणसं नको होती गं. यांनी बोलायला हवं होतं. हे बोलत नव्हते, म्हणून मग माणसं."

काका, तुमची बाजू घ्यावी असं फार वाटलं. तुमच्या ज्या गप्प राहण्यानं मला उभं केलं, त्याच गप्प राहण्यात एक बाई इतकी वर्षं वाट बघत बसली होती. दोन्ही खरं. तुम्ही शेजारी असतात तरी बोलला नसतात, आणि काकूंना तेही माहीत होतं.

लांबवर हॉलचं छप्पर दिसायला लागलं होतं. वॉल्टर मध्येच थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. मीही सवयीनं गाडी थांबवली, होते तिथंच.

"दार उघड," काकू म्हणाल्या.

"काकू, तुमचे गुडघे..."

"त्याचेही दुखतायत. उघड."

पंजाबी ड्रेस, कानाभोवती शाल, पायात स्नीकर्स. वाऱ्यात एका बाजूला कलत त्या त्याच्यापर्यंत गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. तो सरळ उभा राहिला. मग दोघं चालायला लागले, त्याच्या लंगडण्याच्या वेगानं. मी मागून गाडी घेतली, नेहमीचं अंतर ठेवून. थोड्या वेळानं वाऱ्याबरोबर, काच बंद असूनही मला वॉल्टरचं हसणं ऐकू आलं. मग काकूंचंही. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर मी कुणाला हसताना ऐकलं नव्हतं.

शेजारची सीट रिकामी. समोर दोघं जण, लहान लहान होत चाललेली. मी ब्रेकवर पाय ठेवून बसले होते आणि एकाएकी मला ते अंतर सोसवेना. तुम्ही कसे बसायचात, काका? एकदाही उतरावंसं वाटलं नाही? की वाटायचं, आणि तरी बसून राहायचात? हे मी रविवारी विचारू शकले असते. विचारलं नाही.

मी गाडी बंद केली, रस्त्याच्या मधोमध. मागं कुणीच यायचं नव्हतं. किल्ली तशीच ठेवून उतरले आणि त्यांना गाठायला पळत सुटले.

पोचले तेव्हा काकू वॉल्टरला त्यांच्या न्यू जर्सीच्या इंग्रजीत सांगत होत्या, की इथं आलो त्या पहिल्या दिवशी माझा नवरा सूटकेसवर बसून रडला होता. म्हणाला, शैला, इथं कुणीच नाही, आपण परत जाऊ. मीच म्हटलं, आलोय तर राहू थोडे दिवस.

"मग?" वॉल्टरनं विचारलं.

"मग त्याला आवडायला लागलं," काकू म्हणाल्या, "आणि मला नाही."

तो पुन्हा हसला. काकूंनी मला बघितलं, तोंडावरचा वारा चुकवत माझा दंड धरला, आधाराला, आणि त्याला पुढचं सांगायला लागल्या.